दिव्याखालीं अंधार : व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमधील गुणगुण

‘दिव्याखालीं अंधार’ ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकिली आहे. ज्या ज्योतीनें सारें घर उजळावें, तिच्याच पायथ्याशीं काळोख राहावा, हें विसंगत खरें. परंतु व्यवहारांत पदोपदीं असेंच घडतांना दिसतें. आज आम्ही वाचकांपुढें अशाच एका दिव्याची हकीकत मांडणार आहों. हा दिवा विजेचा असून त्याच्याखालीं पडणारा अंधार डोळ्यांस दिसत नाहीं, तो कानांस ऐकूं येतो.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं जाण्याचा योग आम्हांस आला. ह्या मुलास गिटार वाजविण्याचा नाद असून, त्यानें उन्हाळ्याची सारी सुटी खपून व्हॉल्व्हचा एक ॲम्प्लिफायर, म्हणजे गिटारीकडून येणारा विजेचा क्षीण स्वर मोठा करून लाऊडस्पीकरांतून ऐकविणारें यंत्र, स्वतःच्या हातांनीं तयार केलें होतें. घरची मंडळी कौतुकानें भोंवतीं बसली. मुलानें कळ दाबली. व्हॉल्व्हच्या कांचेंत हळूहळू तांबूस प्रकाश दिसूं लागला, आणि त्याबरोबरच यंत्रांतून एक संथ, अखंड घुमण्याचा आवाज निघूं लागला. मुलाच्या वडिलांनीं आमच्याकडे वळून म्हटलें, “मास्तर, अजून यानं तारेला हातसुद्धा लावला नाही, आणि हे आतल्या आतच घुमतंय. एवढे पैसे घातले ते याच्यासाठी का?” मुलानें मान खालीं घातली. एकाच्या सल्ल्यावरून त्यानें नवे व्हॉल्व्ह आणून बसविले होते, दुसऱ्याच्या सल्ल्यावरून मोठे कंडेन्सर घातले होते. तथापि गुणगुण होती तेवढीच राहिली. आतां सर्व सामान मोडींत द्यावें, अशा विचारावर तो येऊन ठेपला होता.

त्याच्याप्रमाणेंच हातांनीं कांहीं घडवूं पाहणाऱ्या इतर मुलांस, व त्यांच्या खर्चाकडे काळजीनें पाहणाऱ्या पालकांस, त्या दिवसाचा अनुभव उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून आम्हीं हा लेख लिहावयास घेतला आहे.

येथें कोणी अशी शंका घेईल कीं, ट्रान्झिस्टरचा शोध अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९४७ सालीं लागला, पुढें घरोघरच्या रेडिओंतून व्हॉल्व्ह नाहींसे झाले, मग हें जुनें खूळ आतां कशासाठीं? ह्याचें उत्तर असें कीं, व्हॉल्व्हच्या यंत्रास त्याच्या शक्तीबाहेर नेलें असतां त्याचा आवाज एकदम फाटत नाहीं, तो हळूहळू भरदार व खरखरीत होत जातो. आणि गिटारवादकांस हाच गुण प्रिय आहे. कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवच्या फेंडर कंपनीनें १९५० नंतरच्या दशकांत ‘चँप’ नांवाचा एक लहानसा ॲम्प्लिफायर विकावयास काढिला. त्याच्या ‘५एफ१’ ह्या आराखड्यांत अवघे तीन व्हॉल्व्ह आहेत : क्षीण स्वर वाढविणारा १२एएक्स७, ज्यास युरोपांत ईसीसी८३ म्हणतात, लाऊडस्पीकर चालविणारा ६व्ही६, आणि उलटसुलट वाहणारी वीज एकाच दिशेनें वळविणारा ५वाय३. आराखडा सोपा असल्यामुळें देशोदेशींचे हौशी लोक पहिलें यंत्र बहुधा हेंच करितात. आमच्या विद्यार्थ्यानेंहि हेंच केलें होतें. मात्र ट्रान्सफॉर्मर आपल्याकडील २३० व्होल्टांच्या विजेस साजेल असा घेतला होता.

आतां व्हॉल्व्हचें अंतरंग पाहूं. हवा काढून घेतलेल्या कांचेच्या नळींत एक बारीक धातूची नळी उभी असते, तिला कॅथोड म्हणतात. ती तापली म्हणजे तिच्यांतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, व समोरच्या प्लेटीकडे धांव घेतात. वाटेंत एक विरळ जाळी असते. जाळीवरील दाब किंचित् कमीजास्त झाला कीं, इलेक्ट्रॉनांचा लोंढाहि त्याप्रमाणें ओसरतो किंवा वाढतो. पाटाच्या तोंडाशीं फळी थोडी खालींवर केली असतां सारें पाणी कमीजास्त व्हावें, तसाच हा प्रकार आहे. गिटारीचा स्वर जाळीवर घालावयाचा, व त्याचें वाढलेलें रूप प्लेटीवरून उचलावयाचें, हीच ह्या यंत्राची सारी युक्ति होय.

परंतु कॅथोड तापणार कसा? त्याच्या पोटांत एक तंतु असतो. त्यास हीटर म्हणतात. हाच आपला दिवा. आरंभींच्या रेडिओंत तंतु बॅटरीवर तापवीत, आणि इलेक्ट्रॉनहि त्या तंतूंतूनच निघत. घरांतील उलटसुलट वाहणारी वीज अशा तंतूस दिली तर ती रेडिओंत घुमूं लागे. म्हणून तंतु निराळा व कॅथोड निराळा अशी योजना निघाली. अमेरिकेंत १९२७ सालीं बाजारांत आलेला २२७ क्रमांकाचा व्हॉल्व्ह ह्या जातीचा प्रसिद्ध नमुना आहे. तेव्हांपासून बॅटरीची यातायात बरीच चुकली. तथापि दिवा आणि जाळी एकाच कांचेंत, बोटभर जागेंत नांदूं लागलीं. आणि अंधार जो राहिला तो येथेंच.

हिशोब करून पाहिला म्हणजे शेजार किती धोक्याचा आहे तें कळतें. चँपमधील हीटरांना ६.३ व्होल्टांचा दाब लागतो, आणि तो आपल्या देशांत दर सेकंदास ५० वेळां आवर्तन करितो. गिटारीचा विरत चाललेला स्वर मात्र कांहीं मिलिव्होल्टांचाच असतो. हीटरच्या दाबाचा हजारावा हिस्सा जरी जाळीवर गळला, तरी तो ६ मिलिव्होल्टांहून अधिक होतो. म्हणजे खुद्द स्वराएवढा! पहिला टप्पा त्यास सुमारें ५० पटींनीं वाढवितो, आणि पुढील टप्पे आणखी वाढवितात. यंत्रास आपपर कळत नाहीं. जें जाळीवर येईल तें तें मोठें करणें एवढेंच तें जाणतें.

ही चोरी तीन वाटांनीं होते. पहिली वाट चुंबकाची : हीटरच्या तारांतून मोठा प्रवाह वाहतो, त्याच्याभोंवतीं चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें, व तें जवळच्या तारांत वीज उत्पन्न करितें. दुसरी वाट दाबाची : दोन तारा जवळ असल्या म्हणजे त्यांचा आपोआप एक लहानसा कंडेन्सर बनतो, आणि त्यांतून हीटरच्या दाबाचा अंश जाळीच्या तारेवर जातो. तिसरी वाट व्हॉल्व्हच्या पोटांतलीच : हीटर व कॅथोड यांच्यामधील लेप सर्वस्वीं अभेद्य नसतो, शिवाय हीटर स्वतः तापलेला असल्यामुळें, त्याचा दाब कॅथोडच्या खालीं गेला कीं त्याच्यांतूनहि इलेक्ट्रॉन निघून कॅथोडकडे जातात.

उपायापूर्वीं निदान पाहिजे. वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं. आमच्या विद्यार्थ्यानें मात्र दोन मात्रा आधींच देऊन टाकिल्या होत्या. म्हणून प्रथम आम्हीं गिटारीची दोरी काढावयास सांगितली. गुणगुण तशीच राहिली. यावरून गिटारीचा दोष नाहीं असें ठरलें. नंतर आवाजाची कळ शून्यावर आणिली. गुणगुण कमी झाली, अगदीं गेली नाहीं. यावरून तिचा बराच भाग त्या कळीच्या अलीकडे, पहिल्या टप्प्यांत शिरतो हें उघड झालें.

तिसरी परीक्षा कानाची, आणि ती मुलांस फार आवडण्यासारखी आहे. गिटारीची सर्वांत जाड तार तिसऱ्या पडद्यावर दाबून छेडली असतां दर सेकंदास ९८ कंपनांचा स्वर निघतो. वीज एका दिशेनें वळवितांना जी लहर शिल्लक राहते ती चँपमध्यें ५० च्या दुप्पट, म्हणजे १०० कंपनांची असते. तेव्हां यंत्रांतील गुणगुण ह्या स्वराशीं जवळजवळ जुळली, तर दोष त्या लहरीचा समजावा, व तेथें मोठे कंडेन्सर उपयोगीं पडतात. गुणगुण त्याच्या एक सप्तक खालीं असेल, तर ती ५० कंपनांची. मग हीटरचा संशय घ्यावा. आमच्या विद्यार्थ्यानें तार छेडली, कान लावून ऐकिलें, आणि म्हणाला, “सर, ही खालच्या सप्तकातली आहे.” त्याचे मोठे कंडेन्सर कां वाया गेले, हें त्याचें त्यालाच कळलें.

तरीहि ५० कंपनांची गुणगुण ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकत्वामुळें अथवा जमिनीच्या चुकीच्या जोडणीमुळेंहि येऊं शकते. म्हणून शेवटची परीक्षा केली. यंत्र बंद करून हीटरच्या दोन्ही तारा ट्रान्सफॉर्मरपासून सोडविल्या, ट्रान्सफॉर्मरचीं मोकळीं टोकें नीट झांकून ठेविलीं, आणि त्या तारांस मोटारसायकलीची ६ व्होल्टांची बॅटरी लाविली. १२एएक्स७ ला ०.३ अँपिअर व ६व्ही६ ला ०.४५, मिळून पाऊण अँपिअर लागतो; तेवढा अशी बॅटरी सहज देते. यंत्र पुन्हां चालू केलें. व्हॉल्व्ह तापले, आणि गुणगुण जवळजवळ नाहींशी झाली. चोर सांपडला.

आतां उपाय. पहिला उपाय फुकटचा आहे, परंतु श्रमाचा. यंत्र उलटें करून पाहतां हीटरच्या दोन तारा एकमेकींपासून फटकून, आणि आवाजाच्या कळीकडून जाळीकडे जाणाऱ्या तारेस चिकटून, लांबवर समांतर गेल्या होत्या. हीटरच्या एका तारेंतून प्रवाह जातो तेव्हां दुसरींतून तेवढाच परत येतो. दोघींचीं चुंबकीय क्षेत्रें समान व विरुद्ध असतात. त्या एकमेकींस घट्ट बिलगून असल्या, तर तीं क्षेत्रें परस्परांस मारितात. म्हणून ह्या तारांस वेणीसारखा पीळ घालावा. पीळ असा घट्ट असावा कीं मध्यें फट दिसूं नये. ती वेणी पत्र्याच्या बैठकीच्या कोपऱ्यांत दाबून न्यावी, व्हॉल्व्हच्या पायांपाशीं आल्यावर सरळ वर आणावी, आणि जाळीच्या तारेस ओलांडावयाचें झालें तर काटकोनांतच ओलांडावें. ट्रान्सफॉर्मरकडून प्रथम ६व्ही६ कडे व तेथून शेवटीं १२एएक्स७ कडे जावें; म्हणजे नाजूक व्हॉल्व्हजवळच्या तारेंतून पाऊण अँपिअर न वाहतां केवळ ०.३ अँपिअर वाहतो. १२एएक्स७ चे ४ व ५ हे पाय एकत्र जोडून एक तार तेथें, व दुसरी ९ व्या पायास द्यावी; जाळीचे पाय २ व ७ आहेत, त्यांच्यावरून तार नेऊं नये.

दुसरा उपाय समतोलाचा. जुन्या चँपच्या आराखड्यांत हीटरची एक बाजू सरळ बैठकीस जोडलेली असे. तसें केल्यानें एका तारेवर शून्य दाब व दुसरीवर पुरता ६.३ व्होल्ट, तिला तोडीस तोड असें कांहींच नाहीं. त्याऐवजीं मध्यबिंदु बैठकीस जोडला, तर दोन्ही तारांवर ३.१५ व्होल्ट राहतात, आणि एक वर चढते तेव्हां दुसरी तितकीच उतरते. दोघी जाळीस सारख्या अंतरावर असल्यास एकीची आगळीक दुसरी भरून काढिते. ट्रान्सफॉर्मरला मध्याची तार असेल तर उत्तमच. नसेल तर १०० ओहमचे दोन सारखे रेझिस्टन्स घेऊन, प्रत्येकाचें एक टोंक एकेका तारेस व उरलेलीं दोन टोकें एकत्र करून बैठकीस जोडावीं. प्रत्येकांत एक दशांश वॅट उष्णता होते. अर्ध्या वॅटचे रेझिस्टन्स पुष्कळ झाले. मात्र जुनी जोडणी आधीं सोडवावी. ती तशीच राहिली तर समतोल तर साधत नाहींच, उलट एका रेझिस्टन्सवर पुरा ६.३ व्होल्ट पडून तो सुमारें ०.४ वॅटनें तापत राहतो.

एवढें करून यंत्र लाविलें. गुणगुण बरीच उतरली. पण रात्रीच्या शांततेंत कान दिला असतां ती अजून ऐकूं येई. ही तिसऱ्या वाटेची. तिच्यावर उपाय असा कीं, हीटरच्या जोडीस वर उचलून धरावयाचें, म्हणजे तिचा दाब कॅथोडच्या खालीं कधींच जाऊं द्यावयाचा नाहीं. चँपमध्यें ६व्ही६ च्या कॅथोडवर सुमारें २० व्होल्टांचा स्थिर दाब आयताच मिळतो, आणि तेथें मोठा कंडेन्सरहि असतो. दोन रेझिस्टन्सांचा मध्य बैठकीवरून काढून ह्या कॅथोडला जोडला. आतां हीटरची प्रत्येक बाजू साडेपंधरा ते साडेचोवीस व्होल्टांच्या दरम्यान खालींवर होते, आणि १२एएक्स७ चा कॅथोड तर एकदोन व्होल्टांवरच असतो. त्यामुळें हीटरमधून कॅथोडकडे इलेक्ट्रॉन जाण्याची वाट बंद होते. ज्या यंत्रांत असा कॅथोड मिळत नाहीं, त्यांत मोठ्या दाबाचा एक लहान हिस्सा दोन रेझिस्टन्सांनीं वेगळा करून ४० ते ५० व्होल्ट घेतात.

चौथा उपाय, म्हणजे पहिल्या व्हॉल्व्हच्या हीटरला एकाच दिशेची वीज देणें, हा पुष्कळांस प्रथम सुचतो. आमच्या मतें तो शेवटचा समजावा. चार डायोड व मोठा कंडेन्सर घालून तें साधतें. परंतु लहर नीट न गाळल्यास ५० कंपनांची मऊ गुणगुण जाऊन १०० कंपनांची तीक्ष्ण भणभण पदरीं पडते. शिवाय ट्रान्सफॉर्मरचा मध्य बैठकीस जोडलेला असतांना डायोडांची ऋण बाजूहि बैठकीस जोडली, तर डायोड जळून जातात.

पालकांस एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. हीटरची वीज ६ व्होल्टांची, निरुपद्रवी. पण त्याच बैठकींत ३०० हून अधिक व्होल्टांचा दाब वावरत असतो, आणि त्यानें माणूस दगावूं शकतो. प्लग काढल्यानंतरहि कंडेन्सरांत तो दाब टिकून राहतो. ५वाय३ च्या तंतूच्या ५ व्होल्टांच्या तारा तर दिसण्यांत हीटरसारख्याच, परंतु त्यांच्यावर हाच मोठा दाब असतो. म्हणून मुलानें एकट्यानें यंत्र उघडूं नये. जाणत्या वडील माणसानें जवळ बसावें. प्लग काढून, रेझिस्टन्समधून कंडेन्सर रिते करून, आणि दाब उतरला हें मीटरनें पाहूनच आंत हात घालावा. बैठक तीन कांट्यांच्या प्लगानें जमिनीस पक्की जोडलेली असावी. गुणगुण घालविण्यासाठीं ही जमिनीची तार तोडण्याचा सल्ला कोणी देतात. तो कदापि ऐकूं नये. गुणगुण परवडली, पण जीव परवडत नाहीं.

असो. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं काम पुरें झालें. सर्वांत कठीण काय वाटलें असें आम्हीं मुलास विचारिलें. तो म्हणाला, “स्वतःच लावलेले सांधे स्वतःच उपटून काढणं.” हें उत्तर आम्हांस फार आवडलें. पहिल्या दोन उपायांत त्यानें पुष्कळ रुपये घातले होते, कारण विकत आणणें सोपें होतें. आपली चूक उकलून पुन्हां मांडणें कठीण होतें, आणि शेवटीं गुण आला तो त्यालाच. नवीन वस्तु अशा दोनच लागल्या, त्या म्हणजे दोन लहान रेझिस्टन्स. बाकीचें सर्व काम पीळ, समतोल आणि धीर यांनीं केलें. दोन विरुद्ध गोष्टी दूर ठेविल्या म्हणजे गोंगाट होतो, आणि त्याच बरोबरीनें जवळ आणिल्या म्हणजे शांतता होते, हें त्या दोन तारांनीं आम्हां सर्वांस शिकविलें.

मुलानें कळ दाबली. व्हॉल्व्ह तांबूस झाले. सारे कान टवकारून बसले होते. थोडा वेळ गेला तरी कांहींच ऐकूं येईना, तेव्हां वडील पुढें वांकून म्हणाले, “काय रे, चालू केलंस ना?”

मुलानें उत्तर न देतां तार छेडली.